वर नेलेलं खाली आणताना

माझा धंदा कोणी विचारला की मी 'खलाशी' असं सांगतो, आणि समोरचा लगेच विचारतो, कुठल्या बोटीवर? बोटीत मी आयुष्यात एकदाच बसलो, रेवसहून मुंबईला जाताना, आणि सगळा वेळ डोळे गच्च मिटून होतो. आम्ही कोरड्या जमिनीवरचे खलाशी. दोर, कप्प्या, साखळ्या आणि पहारी घेऊन जड वस्तू वर चढवायच्या नाहीतर खाली उतरवायच्या, एवढंच आमचं काम. रोह्याजवळच्या धाटावच्या कंपन्यांमध्ये टाक्या नि रिअॅक्टर चढवण्यात माझी उमर गेली. श्रावण लागला की हीच टोळी पेणला जायची, गणपतीच्या कारखान्यांमधून मोठ्या मूर्ती उतरवायला. अजूनही जाते, पण आता टोळीत तीन डोकी उरलीत आणि तिघांचे केस पांढरे झालेत. बाकीचं काम हायड्रा क्रेनने नेलं.

मी मुकादम. म्हणजे हात कमी लावायचा आणि बघायचं जास्त. बघायचं काय, तर टांगलेली वस्तू. या टांगलेल्या वस्तूंनी मला कायमचं वेड लावलं. धाटावला सकाळच्या धुक्यात, पहिल्या शिफ्टच्या बस यायच्या आधी, आम्ही एकदा एक भलीमोठी टाकी हवेत धरून ठेवली होती. खालचा पाया तयार व्हायचा होता, म्हणून थांबलो. धुकं एवढं होतं की दोर वर कुठे जातोय ते दिसत नव्हतं. नुसती टाकी आभाळातून खाली आल्यासारखी, जमिनीपासून पुरुषभर उंचीवर, स्वस्थ. मी तिच्याकडे बघत राहिलो, हातातला चहा पार गार झाला. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "टाकीकडं काय बघायचं असतं?" तिचंही बरोबर होतं. पण मला त्या दिवशी वाटलं की ही गप्प आहे, पण रिकामी नाही.

रिकामी नसते हे खरंच आहे. वस्तू वर नेताना आपण जी मेहनत घालतो ती वाया जात नाही. ती त्या वस्तूच्या वर असण्यात साठून राहते. जेवढं वजन जास्त, जेवढी उंची जास्त, तेवढा साठा मोठा. दोर सुटला की तो साठा वेगात बदलायला लागतो आणि जमिनीवर आपटेपर्यंत सगळा वेगच झालेला असतो. शाळेच्या पुस्तकात साठलेल्या ऊर्जेला स्थितिज ऊर्जा म्हणतात, धावणारीला गतिज. आमच्या टोळीत ही नावं कोणाला ठाऊक नव्हती. आम्ही म्हणायचो, "वर हाय तोवर ती उपाशी हाय, जपून."

लोकांना वाटतं चढवणं अवघड. चढवताना दमछाक होते, पण भीती कमी असते. उतरवताना वजन स्वतःच खाली यायला निघालेलं असतं, आपण फक्त त्याला हळू ये म्हणून विनवायचं. त्यासाठी दोराचे एखाद्या बुंध्याभोवती वेढे घालतात आणि शेवटचं टोक एका माणसाच्या हातात देतात. तो टोक जरासं सैल सोडतो, दोर बुंध्यावरून कुरकुरत घसरतो, वस्तू बोट बोट खाली येते. आमच्यात हे टोक सलीमकडे असायचं. सलीम माझा शाळेपासूनचा दोस्त, रोह्याचा. मधली बरीच वर्षं आखातात रिगर, म्हणजे तिकडचा खलाशीच, म्हणून राहून आला, आता कायमचा परत आलाय.

याच सलीमच्या मामांनी एकदा आम्हाला बोलावलं होतं. घरी लग्न, गावात दोन दिवस वीज नाही, पंप बंद, आणि गच्चीवर नवीन पाण्याची टाकी चढवायची. मामा म्हणाले, "टाकी हितंच विहिरीपाशी भरा, नि भरलेलीच वर घ्या. मंग पंपाची गरजच काय?" सलीम डोक्याला हात लावून बसला. मी मामांना म्हटलं, "मामू, पंप जे काम करतो तेच आम्ही करणार. पाणी वर न्यायची मेहनत चुकत नाय, करणारा तेवढा बदलतो." मामा म्हणाले, "मंग करा की. तुम्ही कशाला आलाव?" वादच संपला. भरलेली टाकी उचलणं धोक्याचं, म्हणून रिकामी टाकी चढवली आणि मग बादली बादली पाणी दोराने वर घेतलं. संध्याकाळी पाहुण्यांनी नळ सोडला तेव्हा पाणी कसं धाडधाड पडलं! मी आणि सलीम ओट्यावर आडवे पडून तो आवाज ऐकत होतो. सलीम म्हणाला, "आपलाच घाम पडतोय बघ नळातून." बिर्याणी मात्र मामांनी भांडंभर दिली.

अशा गोष्टी मी आमच्या वरसे गावातल्या शेजाऱ्यांना सांगत असतो. त्यात एक बाई शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांनी मला एके दिवशी सातवीच्या वर्गासाठी बोलावलं. पुस्तकातलं चित्र दाखवून मुलांना कंटाळा आलाय म्हणाल्या, दोर घेऊन या. मी दोर नेला, कप्पी नेली, वाळूची पिशवी नेली. मैदानातल्या बदामाच्या फांदीला कप्पी बांधली. मुलांनी पिशवी ओढून वर घेतली आणि मी सांगितल्यावर दोर सोडून दिला. पिशवी धप्पकन पडली, धूळ उडाली, एकच हशा. दुसऱ्यांदा दोराचे लोखंडी खांबाभोवती वेढे घालून पिशवी सावकाश उतरवली. आवाज नाही, धूळ नाही. मुलांचा हिरमोड झाला.

एका पोराने विचारलंच, "काका, मग आता वरची ऊर्जा गेली कुठं? वेग पण नाय आला, आवाज पण नाय." मी म्हटलं, अजून चार-पाच वेळा उतरवू. उतरवली. मग सगळ्यांना खांबाला हात लावायला सांगितलं. वेढे होते तेवढ्या जागी खांब कोमट झाला होता. मुलं रांग मोडून हात लावायला लागली. उंची खांबात शिरून ऊब झाली होती. हे मी आयुष्यभर बघितलंय. मोठी वस्तू उतरवल्यावर बुंध्यावरचा दोर करपल्यासारखा वास मारतो, आम्ही त्यावर पाणी मारतो. पण त्या पोरांचे चेहरे बघून मलाही पुन्हा एकदा नवल वाटलं.

मग एका मुलीने विचारलं, "पिशवी वर असते तेव्हा ऊर्जा कशात असते? पिशवीत का दोरात?" मी म्हणायला जाणार होतो, पिशवीत. बाई म्हणाल्या, "एकट्या पिशवीत नाही गं. पृथ्वी ओढते म्हणून ती आहे. पिशवी आणि पृथ्वी, दोघींची मिळून ती असते." मी घरी येईपर्यंत तेच घोळवत होतो. इतकी वर्षं मी टांगलेल्या वस्तूकडे बघत आलो आणि खाली आपण उभे आहोत त्या जमिनीचाही त्यात वाटा आहे हे कधी मनात आलं नव्हतं. ती धुक्यातली टाकी मला आठवली. नुसती टाकी नव्हती ती, खालचं सगळं धाटाव तिला धरून होतं.

आता पेणची गोष्ट सांगतो. ती सांगायची म्हणूनच हे लिहायला घेतलं.

पेणला अप्पांचा कारखाना आहे. आमच्याकडे गणपती घडवतात त्या जागेला कारखानाच म्हणतात, मग ती घराची पडवी का असेना. अप्पांच्या हाताला गेली काही वर्षं कंप सुटलाय, ब्रश धरवत नाही. सगळं काम त्यांच्या पत्नी, शालिनीवहिनी, करतात. घडवणं, रंग, आणि शेवटी आखणी, म्हणजे डोळे रेखाटणं, जे पेणमध्येसुद्धा मोजक्याच हातांना जमतं. पण कौतुक करायला गेलं की वहिनी म्हणायच्या, "मी काय, हे सांगतात तसा हात फिरवते." लोकही तेच धरून चालत. घरगुती लहान मूर्ती त्यांच्याकडून न्यायचे, मोठी मूर्ती बाईकडून घ्यायला मंडळं तयार नसत.

गेल्या वर्षी एका मंडळाने कसंबसं त्यांना मोठं काम दिलं. अध्यक्षांनी तोंडावर सांगितलं, "मूर्ती टेम्पोत धड बसली की आमची. त्याआधी कुठं टवका जरी उडाला तरी आम्हाला खंडित मूर्ती चालायची नाय, दुसरीकडची बघून ठेवलीय." यातली मेख पेणमध्ये सगळ्यांना कळते. एकदा मोठी मूर्ती दारातून परत गेली की त्या कारखान्याला पुन्हा मोठं काम मिळत नाही. वहिनींना ही एकच संधी होती.

त्यात पावसाळ्यात त्यांच्या तळमजल्यात पाणी येतं. म्हणून त्यांनी मूर्ती वरच्या मजल्यावर घडवली. पाण्यापासून वाचवायला मूर्ती वर नेली आणि त्याच उंचीने तिला पडायचा धोका दिला. माझ्या धंद्याचं सगळं सार यात आलं. खोली एवढीशी की मूर्तीची पाठ अंगणाकडच्या, भिंत नसलेल्या उघड्या बाजूला आणि तोंड आतल्या भिंतीकडे. मधे एक फळी बसेल एवढीच जागा. त्या फळीवर चढून वहिनींनी चेहरा रंगवला. गल्ली अरुंद, हायड्रा वळत नाही, टेम्पो मात्र अंगणात येतो. म्हणून मला फोन आला. "भावोजी, तुम्हीच या," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज घट्ट होता, पण फोन ठेवताना त्यांनी दोनदा विचारलं, "याल ना?"

आमचा एक नियम आहे. मूर्ती हवेत असताना कोणी 'मोरया' म्हणायचं नाही. मूर्तीखालचा पाट टेम्पोला टेकला की मग हवं तेवढं ओरडा. नियमाचं कारण साधं आहे. 'गणपती बाप्पा' अशी हाक आली की आमच्याकडच्या माणसाचे हात आपोआप वर जातात. विचार करायला वेळच नसतो. सलीमच्या हातात दोराचं टोक द्यायचं तेही एक कारण. तो मोरया म्हणतो, आमच्यापेक्षा मोठ्याने म्हणतो, पण त्याचे हात जागचे हलत नाहीत. तो हसून म्हणायचा, "माझं तोंड तुमच्या बाप्पाचं, हात दोराचं."

त्या सकाळी ऊन स्वच्छ होतं. छपरातून बाहेर आलेल्या गर्डरला कप्पी, खाली अंगणातल्या चिंचेच्या बुंध्याला वेढे, टोकाला सलीम. मूर्तीला गोधड्या लावून पट्टे आवळले. मूर्ती पाठमोरी बाहेर आली, तोंड घराकडे. ती स्लॅबच्या कडेला घासू नये म्हणून एका बाजूच्या दोरीने आम्ही तिला थोडी बाहेर ओढून धरली. ती दोरी तुकारामकडे, आमच्या तिसऱ्या गड्याकडे. वहिनी वर स्लॅबच्या कडेवर उभ्या, डोळे मूर्तीच्या कानांवर आणि बोटांवर. अप्पा खाली आतल्या खोलीत खुर्चीत बसून होते. बघवणार नाही म्हणाले. मी खाली. मूर्ती निम्मी उतरली, तिचा चेहरा वहिनींच्या समोर आला.

तेवढ्यात गल्लीतून मंडळाची पोरं ढोल बडवत आली. त्यांना आमचा नियम कुठून ठाऊक? मूर्ती अशी उन्हात, हवेत बघितली आणि एकाने हाक दिली, "गणपती बाप्पा..."

"मोरया!" म्हणून तुकारामने दोन्ही हात वर केले.

बाजूची दोरी त्याच्या हातून गेली. मूर्ती घराकडे निघाली.

ढोल थांबले. अशा वेळी माणूस धावतो आणि हात लावतो, आणि तिथेच घात होतो. झोक्याचा वेग मधे सगळ्यात जास्त असतो. मधे हात घातला तर हात जातो, मूर्तीही जाते. टोकाला मात्र झोका क्षणभर थांबतो. तिथे वेग उरत नाही, सगळा पुन्हा उंचीत गेलेला असतो. आणि जेवढं एका बाजूला ओढून सोडलं तेवढंच ते दुसऱ्या बाजूला जातं, त्याहून जास्त कधीच जात नाही. आम्ही मूर्ती हातभराहून कमी ओढली होती. ती सरळ लोंबताना कडेपर्यंतची फट हातभराहून जास्त होती. हे मला पक्कं माहीत होतं. पण वहिनी दोन्ही तळवे पुढे करून कडेवर आल्या होत्या. त्या मूर्ती हातांनी थोपवणार होत्या.

"वहिनी, हात मागं! हात लावू नका!" मी ओरडलो.

सलीम दगडासारखा उभा होता. त्याने टोक सैल केलं नाही की आवळलं नाही. मूर्ती जात होती, सावकाश, मला वाटलं होतं त्याहून कितीतरी सावकाश. कदाचित ते मलाच तसं वाटलं असेल. वहिनी हलल्या नाहीत. हात तसेच पुढे. मूर्ती त्यांच्या तळव्यांपासून वीतभर अलीकडे येऊन थांबली. मग ती तशीच मागे फिरली.

बाहेरच्या टोकाला ती पुन्हा थांबली तेव्हा मी लोंबणारी दोरी धरली. हातात ओढसुद्धा लागली नाही. टेम्पोच्या हुकाला दोन वेढे मारले आणि सलीमला खूण केली. बुंध्यावर दोर कुरकुरायला लागला. मूर्ती बोट बोट खाली आली आणि पाट टेम्पोत टेकला. अध्यक्षांनी चप्पल काढून टेम्पोत चढून सगळीकडून फिरून बघितलं. कान, बोटं, सोंडेचं टोक. कुठे टवका नव्हता. त्यांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं, हात जोडले आणि स्वतःच हाक दिली. मग जो गजर झाला तो पेणच्या एसटी स्टँडपर्यंत गेला असेल.

तुकाराम चिंचेखाली बसून रडत होता. मी त्याला झापायला निघालो तर सलीमने मला अडवलं. "ओरडू नको त्याला. बाप्पा म्हटल्यावर हात वर नाय गेलं तर तो इथला कसला?" सलीमच्या तळव्याची साल निघाली होती. मी वळलो. बुंध्यावर पाणी ओतलं, वाफ आली.

एक खंत मात्र मनात राहिली, ती इथेच सांगून टाकतो. एवढ्या वर्षांत किती गणपती उतरवले, पण मी एकाचाही चेहरा नीट बघितला नाही. माझे डोळे नेहमी गाठींवर. त्याही दिवशी सगळी गल्ली चेहऱ्याकडे बघत होती आणि मी दोराकडे.

टेम्पो गल्लीबाहेर गेला. मी वर राहिलेले पट्टे आणायला जिना चढलो. वहिनी स्लॅबच्या कडेला बसल्या होत्या, पाय बाहेर सोडून. खोली एकदम मोठी दिसत होती. त्यांचे तळवे अजून मांडीवर उघडेच होते.

मी म्हटलं, "वहिनी, बरं झालं माझं ऐकलंत. हात लावला असतात तर..."

"भावोजी, तुमचा आवाज मला आलाच नाय."

"मग थांबलात कशा?"

त्या म्हणाल्या, "किती दिवस मी त्या फळीवर होते. आज डोळा केला, उद्या सोंड केली, परवा कान. नाकाला नाक लावून. अख्खा चेहरा असा कधी दिसलाच नव्हता मला. आज तो आपणहून समोर आला, थांबला. मला वाटलं, अगो बाई, कुणी केला असेल हा एवढा देखणा? आणि मग..." त्यांनी पदर तोंडाला लावला. रडत होत्या का हसत होत्या ते मला कळलं नाही, बहुतेक दोन्ही.

खालून अप्पांची हाक आली. "काय गो, गेला का गणपती?"

वहिनींनी डोळे पुसले. वाकून खाली जिन्याकडे तोंड केलं आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "गेला हो. माझा गणपती गेला."